दोनदा डिपर

“काका, एकदा ही किट बसली की रात्र कुठं गेली म्हणून शोधत फिरशीला,” संतोष रेडेकर म्हणाला आणि आतून काहीतरी उडी मारून पळणार असल्यासारखं त्यानं माझ्या गाडीचं बॉनेट हळूच उघडलं.

“रात्र राहू दे,” मी म्हणालो. “मला फक्त तिच्यातून रस्ता दिसला पाहिजे.”

“रस्ता? झाडावरची मुंगी दिसंल.”

त्याच्या दुकानात मोटारींना जे जे चिकटवता येतं ते सगळं टांगलेलं होतं. त्यानं खोक्यातून दोन काचेचे बल्ब काढले आणि त्यांच्यामागोमाग वायरीला लोंबकळणाऱ्या दोन चपट्या डब्या. मी जन्मभर गुरांचा डॉक्टर. त्यामुळे कुठल्याही अवयवाला वायर लोंबकळताना दिसली, की मला काळजी वाटते.

“ह्याचा तोटा काय?” मी विचारलं.

“तोटा? कसला तोटा?”

“असतो. म्हशीला जंताचं औषध दिलं तरी थोडं दूध आटतं.”

रेडेकर प्रामाणिक माणूस. त्यानं डोकं खाजवलं. “समोरनं येणाऱ्याच्या डोळ्यावर जरा जास्त येतंय. पण ते त्याचं त्यानं बघायचं. तुमचं वायरिंग जुनं हाय, गरम होईल. जळका वास आला तर थांबवा आणि मला फोन करा. आणि आरटीओवाल्यानं धरलं तर माझं नाव घेऊ नका.”

“बस?”

“आणखी एक. ह्या किटमधी अप्पर-डिपर नाही. एकच झोत. पण एवढ्या उजेडावर अप्पर लावून करणार काय?”

“बरोबर आहे,” मी म्हणालो.

वायरिंगच्या वासाचं मी नीट लक्षात ठेवलं. आरटीओचंही. अप्पर-डिपरचं मी तोट्यात धरलंच नाही.

ही किट मी हौसेनं बसवत नव्हतो. महिन्यापूर्वी संध्याकाळी परतताना रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड माझ्या गाडीला लागला होता. दगड जागचा हलला नव्हता हे खरं, पण मला तो दिसला नाही हेही खरं. माझ्या शेजाऱ्यांनी ही बातमी तत्परतेनं बंगळूरला कळवली. तिथं माझी मुलगी असते, विदुला. तिचा त्याच रात्री फोन.

“बाबा, अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही.”

“दिवे जुने झालेत गं. पिवळट पडलेत. नवे बसवतो.”

“बसवा. दिवाळीत आले की मी शेजारी बसून बघणार. जमलं नाही, तर किल्ली माझ्याकडे. आणि मग तुम्हीही माझ्याकडे.”

तिचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर. तिथून गुरं दिसत नाहीत.

खरं तर अंधारात मला फक्त एका ठिकाणी जायचं असे, तेही आठवड्यातून एकदा, गुरुवारी. माझी बायको कुमुद गेल्यापासून दुपार कशीही जायची. प्रश्न दिवेलागणीचा होता. त्या वेळेला घर मोठं व्हायला लागे. बाकीच्या दिवशी मी बोलायचो तो दूधवाल्याशी आणि रेडिओशी, आणि त्यातल्या त्यात रेडिओ जास्त बोलायचा. गुरुवारी मात्र मी गाडी काढून डोंगराच्या पलीकडच्या अंगाला जायचो. तिथं विष्णुपंत धुरी राहायचा. जंगलखात्यातला निवृत्त रेंजर. त्याचीही बायको गेलेली, मुलगा रत्नाकर वसईला. आम्ही कॅरम खेळायचो, एकमेकांचे अपमान करायचो आणि जेवून मी परत यायचो. शेवटची एसटी दिवस मावळायच्या आत निघून जाई. तेव्हा गाडी बंद म्हणजे गुरुवार बंद. हे मी विदुलाला सांगितलं नव्हतं. कॅरमसाठी जीव धोक्यात घालतो म्हटल्यावर ती दिवाळीपर्यंतही थांबली नसती.

*

नव्या दिव्यांचा पहिला गुरुवार. रस्ता खरोखरच लख्ख दिसत होता. म्हणजे उजेड लख्ख दिसत होता. रस्ता त्याच्यात कुठेतरी असावा. झाडं चुना फासल्यासारखी पांढरी झाली होती. समोरून आलेल्या एका जीपवाल्यानं माझ्या आईची चौकशी केली.

वाटेत करवंदीचं वळण लागतं. तिथं डोंगर संपतो आणि एकदम दरी उघडते. दरीच्या पलीकडे रेंजरचं एकटं घर आणि त्याच्या पडवीतला बल्ब. वळणावर आलं की मी दोनदा डिपर मारायचा आणि पलीकडून त्यानं पडवीतला बल्ब दोनदा बंद-चालू करायचा, ही आमची रीत. मूळची ती जंगलखात्याची. जीप वरच्या वळणावर आली की ड्रायव्हर दोनदा डिपर मारी, खाली चौकीतला गार्ड कंदील दोनदा झाकून “कळलं” म्हणे आणि चहा चढवी. खात्यातून रेंजर निवृत्त झाला, पण रीत त्यानं घरी आणली. मी दरीला वळसा घालून पोचेपर्यंत चहा बरोबर उकळलेला असे.

मी सवयीनं दांडी ओढली. काही झालं नाही. मग मी दिवेच बंद करून पुन्हा लावले. हे दिवे आधी जांभळे झाले, मग बराच वेळ विचारात पडले आणि मग कुठे हळूहळू पांढरे झाले. जांभई द्यावी तसे. पुन्हा बंद केले, पुन्हा तेच. ह्याला डिपर म्हणणं म्हणजे रवंथ करणाऱ्या म्हशीला चौखूर उधळली म्हणण्यापैकी होतं.

पलीकडचा बल्ब हलला नाही.

पोचलो तर फाटक लावलेलं, चूल थंड, आणि रेंजर आत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला.

“रेंजर! जिवंत आहेस का?”

तो धडपडून उठला. “कोण? तू? कधी आलास?”

“आत्ता. वळणावर दिसलो नाही?”

“वळणावर कुणीतरी गेला मगाशी. पांढराफेक उजेड. मला वाटलं, गोव्याला दारू प्यायला चाललेली पोरं. तू कुठे होतास?”

“तो मीच. नवे दिवे बसवलेत.”

त्यानं पायानं चपला चाचपल्या. मग म्हणाला, “जुने काय वाईट होते?”

“डावा गटाराकडे बघायचा आणि उजवा त्याच्याकडे.”

“म्हणून तर कळायचं की गुरांचा डॉक्टर आला. पिवळे होते ते. ढोबळ.”

“ढोबळ म्हणजे?”

“म्हणजे ढोबळ. जुने लाव परत.”

“नाही जमणार. दिवाळीत विदुला परीक्षा घेणार आहे. नापास झालो तर बंगळूर. मग खेळ एकटाच कॅरम.”

“एकटाच जिंकेन,” तो म्हणाला आणि भिंतीला हात लावत चहा ठेवायला गेला.

खेळायला बसलो. अलीकडे त्याचा खेळ फार ढिला झाला होता. सोंगटी मारण्याआधी तो बोर्डावर बोटं फिरवायचा, कुठं काय आहे ते चाचपायचा. मी म्हणायचो, “बोर्डाला मालिश नंतर कर.” तो म्हणायचा, “तू म्हशीच्या पोटाला हात लावायचास ना, तसंच. नाडी बघतोय.” राणी भोकाच्या तोंडाशी असताना तो तिला सोडून भलतीकडे मारायचा. माझा समज होता, की बायको गेलेल्या मित्राला तो मुद्दाम जिंकू देतो. मला त्याचा रागही यायचा आणि बरंही वाटायचं.

निघताना तो फाटकापर्यंत आला. “पुढच्या गुरुवारी येणार ना?”

“न येऊन सांगतो कुणाला.”

“नाही, पण नक्की. डिपर दिसला नाही तर मला कळत नाही. मी आपला पडून राहतो.”

“वळणावरून ओरडतो मग.”

“ओरडू नकोस. जंगलातली जनावरं घाबरतात.”

*

विदुला दिवाळीच्या आधीच आली. बेळगावला उतरली, माझ्याकडे पोचली, स्वयंपाकघरातले डबे उघडून पाहिले आणि म्हणाली, “आज गुरुवार ना? चला, कुठं जाता ते दाखवा.”

ऊन उतरता उतरता आम्ही निघालो. पहिले काही मैल मी अशी गाडी चालवली, की चालत्या गाडीत कुणाला शस्त्रक्रिया करता आली असती. विदुला दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत होती. लहानपणी माझ्या हातून इंजेक्शन घेणाऱ्या वासराकडे ती असंच बघायची.

“चांगलं चालवताय,” ती म्हणाली.

“दिवे बघ ना.”

“दिसतायत. सगळ्यांनाच दिसत असतील.”

डोंगर चढायला लागलो आणि धुकं उतरलं. आमच्याकडे ते येतं तेव्हा विचारून येत नाही. मी दिवे लावले, आणि गाडीच्या नाकासमोर दुधाची भिंत उभी राहिली. पांढरा उजेड जायचा, धुक्यावर आपटायचा आणि तसाच परत येऊन माझ्या डोळ्यांत शिरायचा. इतकं स्वच्छ धुकं मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्याचा थेंब न् थेंब दिसत होता.

तेवढ्यात त्या भिंतीतून एक एसटी बाहेर आली आणि कचकन थांबली. ड्रायव्हरनं हातानं डोळे झाकत मान बाहेर काढली.

“ओ म्हातारबा! वरात घिऊन चाललाय काय? डोळं फुटत्यात की आमचं!”

“धुकं आहे!” मी म्हणालो.

“धुकं हाय म्हून तर सांगतोय! विझवा ती हॅलोजनची जत्रा!”

तो कसाबसा बाजूनं निघून गेला. मी गाडी अगदी पायी चालल्यासारखी पुढं काढली आणि एका मोकळ्या जागी थांबवली. हवेवरून ओळखलं, करवंदीचं वळण. डाव्या हाताला दरी असणार. मला ती दिसत नव्हती. तिलाही मी दिसू नये अशी माझी इच्छा होती.

“बाबा,” विदुला हळू आवाजात म्हणाली, “तुम्हाला काय दिसतंय?”

“धुकं.”

“आणखी?”

“उत्तम धुकं.”

ती हसली नाही. तिनं हात पुढं केला, तळवा वर. किल्लीसाठी.

मी मोठे दिवे बंद केले. पार्किंगचे बारके पिवळे दिवे तेवढे राहिले आणि दुधाची भिंत खाली बसली. किल्लीला हात घातला, पण काढवेना. तेवढ्यात वाऱ्यानं धुक्याला एक भोक पडलं आणि त्या भोकातून पलीकडच्या पडवीतला बल्ब दिसला. तो विझला, लागला. विझला, लागला.

“ते काय?” विदुलानं विचारलं.

“विष्णुकाका. चहा ठेवला म्हणून सांगतोय.”

“त्यांना कसं कळलं आपण आलोय?”

मलाही तेच कळत नव्हतं. मी अजून काहीच खूण केली नव्हती. करणार कशानं? एवढ्यात बल्ब पुन्हा विझला, लागला. विझला, लागला.

“हा दुसरा चहा?” विदुला म्हणाली.

धुकं मिटलं, पुन्हा फाटलं. बल्ब पुन्हा दोनदा. जरा थांबून पुन्हा दोनदा.

“बाबा, किती चहा ठेवतायत ते?”

मग तिनंच पुढं केलेला हात मागं घेतला आणि दार उघडून खाली उतरली. “सरका. मी चालवते. पण जाऊ या.”

*

बारक्या दिव्यांवर, गाडी रांगवत, आम्ही दरीला वळसा घालून पोचलो. फाटक सताड उघडं होतं. अंगणात गाडी थांबली, इंजिन बंद झालं, आम्ही उतरून पायरीपर्यंत आलो. रेंजर पडवीत खांबाजवळ उभा होता. एक हात बटणावर. तोंड दरीकडे. आमच्या समोर त्यानं बटण खाली केलं, वर केलं. खाली केलं, वर केलं. मग हातानं भिंतीवर हलकेच ताल धरत थोडा वेळ थांबला आणि पुन्हा बटणाकडे बोट नेलं.

आत रेडिओ मोठ्यानं वाजत होता आणि चहा उकळून उकळून करपल्याचा वास येत होता.

“रेंजर,” मी म्हणालो.

तो दचकला, मग तोंडभर हसला. “आलास! गाडीचा आवाज आला, म्हटलं तूच असणार. आणि वळणावर डिपर मारलास तेव्हाच ओळखलं होतं. दोनदा ना?”

विदुलानं माझ्याकडे पाहिलं.

“हो,” मी म्हणालो. “दोनदा.”

“मग! रेंजरच्या नजरेतून बिबट्या सुटला नाही, तू काय सुटतोस. आणि ही कोण?”

“काका, मी विदुला.”

“विदुला! अगं, केवढी उंच झालीस!”

विदुला तेव्हा चाळिशी ओलांडलेली होती आणि कॉलेजपासून बोटभरही वाढली नव्हती. शिवाय तो हे बोलला ते तिच्या कानाशेजारच्या खांबाशी. ती दोन पावलं सरकून खांबासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “हो काका. झाले खरी.” मग वाकून नमस्कार केला. त्यानं आशीर्वादाला हात पुढं केला, तो आधी हवेत आणि मग तिच्या डोक्यावर पडला.

त्या संध्याकाळी आम्ही काळा चहा प्यायलो आणि कॅरम खेळलो. विदुला शेजारी बसून बघत होती. राणीची पाळी आली, तेव्हा तिनं ती अलगद बोटानं ढकलून रेंजरच्या स्ट्रायकरच्या वाटेत आणून ठेवली. राणी गेली. तो इतक्या जोरात ओरडला, की मागच्या परसातली कोंबडी उठली.

“बघितलंस, गुरांच्या डॉक्टरा? अजून हात शाबूत आहे!”

“ढोबळ खेळलास,” मी म्हणालो.

परतताना धुकं विरलं होतं. गाडी विदुलाच चालवत होती. करवंदीचं वळण आलं आणि गेलं.

“बाबा, विष्णुकाकांना दिसत नाही.”

“धुक्यात मलाही दिसत नव्हतं.”

“धुकं घरात नव्हतं.”

मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. बाहेर काही नव्हतं.

“रत्नाकरला माहीत आहे?” ती म्हणाली. “नसणारच. सांगतील कसे? सांगितलं तर तो घेऊन जाईल. एकटा माणूस, चूल पेटवतो, भोवती जंगल. मी उद्या फोन करते त्याला. करू ना?”

हे योग्यच होतं. चूक काढायला मी घरापर्यंत शोधलं, सापडली नाही.

*

दिवाळीच्या सुमारास रत्नाकर येऊन रेंजरला वसईला घेऊन गेला. त्या दिवशी मी बेळगावात डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून पडलो होतो. विदुलानं माझेही डोळे तपासून घेतले होते; दोन्हीकडे मोतीबिंदू, चांगला पिकलेला. गुरांचे डोळे तपासण्यात माझी हयात गेली होती, पण आरशातला प्राणी मी कधी तपासला नव्हता. थोडक्यात, निरोपाच्या वेळी आम्हा दोघांनाही दिसत नव्हतं. माझ्यावरचा इलाज झाला. त्याच्या डोळ्यांचं वेगळं होतं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलं ते परत येणार नाही.

दुसरी पट्टी निघाल्यावर मी रेडेकरकडे गेलो आणि जुने बल्ब परत बसवायला सांगितले.

“काका, लोक पुढं जातात,” तो म्हणाला, “आणि तुम्ही मागं?”

“जुने टाकून दिलेस का?”

“गिऱ्हाइकाची वस्तू मी टाकत नाही. पण ह्यात तुम्हाला काही दिसायचं नाही बघा.”

दिसलं. सगळं दिसलं. त्या पिवळ्या उजेडात रस्त्याचे खड्डे, कडेचे दगड, दगडावरचे आकडे. दिवे पूर्वीही ठीकच होते. पुढच्या खेपेस विदुला शेजारी बसली, दिवस मावळल्यावर मला सगळ्या डोंगरातून हिंडवलं आणि घरी आल्यावर म्हणाली, “पास.” किल्ली माझ्या हातावर ठेवून ती बंगळूरला गेली. अंधारात कुठंही जायला मी मोकळा झालो.

त्यानंतरच्या गुरुवारी दिवेलागणीला घर मोठं व्हायला लागलं, तशी मी गाडी काढली. करवंदीच्या वळणापर्यंत गेलो. आमच्या सगळ्या डोंगरात मोबाइल लागायचा तो तेवढ्या एका जागी. थांबलो, आणि तो वाजला.

“कुठं आहेस?” रेंजरचा आवाज. मागे वसईचा कुठला तरी टीव्ही चालू होता.

“वळणावर.”

“वाटलंच. गुरुवार ना. दिवे कुठले?”

“जुने. डावा गटाराकडे बघतोय.”

“मग मार ना डिपर. वाट कसली बघतोस?”

मी दांडी ओढली. पिवळा उजेड दरीभर पसरला, मिटला, पुन्हा पसरला.

“मारला?”

“मारला.”

“दोनदा?”

“दोनदा.”

“थांब हं.” फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज झाला. मग भिंतीवरून हात फिरल्याचा. मग लांबून कुणाची तरी हाक, “बाबा, अहो तो पंखा आहे!” मग बटणाचा आवाज, खट् खट्. थांबून पुन्हा, खट् खट्. फोन उचलला गेला. तो जरासा धापा टाकत होता.

“दिसला?”

मी दरीपलीकडे पाहिलं. माझे डोळे आता चांगले होते. घर स्पष्ट दिसत होतं, बंद दार, पडवीतला खांबसुद्धा. रत्नाकरनं ठेवलेल्या राखणदारानं पडवीतला बल्ब लावून ठेवला होता. तो बल्ब संध्याकाळपासून सकाळपर्यंत लागलेलाच असे. एकदाही न हलता.

“दिसला,” मी म्हणालो. “चहा ठेव.”